खिडकीचा धडा

मी इंग्रजी शिकवत होतो असं म्हणायला मला अजूनही संकोच वाटतो. त्या वर्षी मी एस. वाय. बी. ए.ला होतो आणि तोवर एकाही माणसाशी इंग्रजीत बोललेलो नव्हतो. आमच्या घरात इंग्रजी अक्षरं होती ती फक्त फवारणीच्या औषधाच्या रिकाम्या डब्यावर. वडील दिंडोरीकडे दुसऱ्याच्या द्राक्षबागेत कामाला जायचे, तिथून तो डबा आलेला. आईनं त्याच्या बुडाला खिळ्यानं भोकं पाडून त्यात सदाफुली लावली होती. त्या डब्यावरची अक्षरं जुळवत मी एबीसीडी शिकलो. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. इंग्रजी विषय का घेतलास असं कुणी विचारलं तर मला नीट सांगता यायचं नाही. डबा आठवायचा, पण तो कसा सांगणार?

सकाळी कॉलेज असायचं. दुपारी अंबडच्या बाजूला एका कामगार वसाहतीतल्या प्राथमिक शाळेत मला काम मिळालं. ऐंशी सालानंतरचा तो काळ. कारखाने नुकतेच उभे राहत होते आणि शाळाही त्यांच्यासारखीच, पत्र्याची, अर्धवट. चार खोल्या, मागे एक बाभूळ, पाण्याची टाकी. इतर शाळांत इंग्रजी पाचवीला सुरू व्हायचं. इथे तिसरीपासून होतं, कारण वर्गातल्या मुलांना एकमेकांची भाषा येत नव्हती. केरळातल्या वेल्डरची मुलगी होती, यूपीतल्या फिटरचा मुलगा होता, किराणा दुकानवाल्या गुजराती माणसाचा मुलगा होता, वसाहतीपलीकडच्या बौद्ध वस्तीतली सात-आठ मुलं होती, आणि बागलाणातून आलेली दोन भावंडं होती, ती घरच्यासारखंच वर्गातही ‘आहे’ला ‘शे’ म्हणायची. मधल्या सुट्टीत सगळे मिळून एक मोडकी हिंदी बोलायचे. इंग्रजी मात्र कुणाच्याच घरचं नव्हतं. मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणायचे, त्यांचं म्हणणं असं की म्हणूनच ते सगळ्यांना सारखं पडेल.

माझ्या आधी ज्या इंग्रजी शिकवायच्या त्या बाई दिवाळीच्या सुट्टीत वारल्या होत्या. जेमतेम पंचवीस वर्षांच्या. दमा होता. मुलांना सांगितलं होतं की बाई गावाला गेल्या. तिसरीला इंग्रजीचं पुस्तकच नव्हतं, म्हणून त्यांनी स्वतः धडे रचून एका दोनशे पानी वहीत लिहिले होते. मोठ्या बाईंनी ती वही माझ्या हातात दिली. “यातलंच पुढे चालवा. मुलांचं पाठ आहे. तुम्हाला फारसं काही करावं लागणार नाही.”

पहिल्या दिवशी मी वर्गात गेलो. मुलं उभी राहिली, बसली. काय बोलावं सुचेना म्हणून मी वहीतला पहिला धडा उघडला आणि म्हणालो, “हा कुणाला येतो?”

सगळ्यांनाच येत होता. चाळीस मुलं एकदम म्हणायला लागली.

“धिस इज अवर क्लास. धिस इज द डोअर. धिस इज द विंडो. द विंडो इज ओपन.”

इथे ती थांबली. चाळीस उजवे हात उचलले गेले, गळ्याखालच्या हाडावर टेकले, आणि सगळा वर्ग खोकला. दोन कोरडे, तुटक ठसके आणि मग एक लांब, आतून ओढून काढल्यासारखा. मग हात खाली आले.

“द विंड कम्स इन.”

मला वाटलं मुलं चेष्टा करताहेत. मी चेहरे पाहिले. कुणी हसत नव्हतं. मी पुन्हा म्हणायला लावलं. पुन्हा तेच, त्याच जागी, तितकंच लांब. आणि या वेळी मला आणखी एक गोष्ट कळली. यूपीचा मुलगा एरवी बोलायचा त्या आवाजात बोलत नव्हता. केरळची मुलगी मराठी बोलताना शब्द गोल करायची, तो गोलपणा इथे नव्हता. सगळी मुलं एका बाईच्या आवाजात बोलत होती. किंचित नाकातून, वाक्याच्या शेवटी दमल्यासारखी. त्या बाईंना मी कधी पाहिलं नव्हतं. पण त्यांचा आवाज मी त्या दुपारी ऐकला, एवढं मला खात्रीनं म्हणता येतं.

मी वही चाळली. त्या जागी अर्थातच काही लिहिलेलं नव्हतं.

“तुम्ही इथे का खोकता?” मी विचारलं.

केरळच्या मुलीनं हात वर केला. ती वर्गात सगळ्यांत नीट उत्तरं द्यायची. “सर, इंग्रजीत तसं असतं.”

“कसं?”

“आमच्या भाषेत एक आवाज आहे, तो इथे कुणालाच येत नाही. तसं इंग्रजीत हे आहे.”

“तेरी भाषा में तो गले में काँटा अटकता है,” यूपीचा मुलगा म्हणाला.

“आणि इंग्लिशमध्ये खोकला येतो,” गुजराती मुलानं पुस्ती जोडली. सगळे हसले. पण ते तिच्या भाषेला हसले, खोकल्याला नाही. ज्या वर्गात प्रत्येकाची भाषा दुसऱ्याला विचित्र वाटते, तिथे एखाद्या भाषेत खोकायचं असतं हे त्यांनी सहज मान्य केलं होतं.

दिवाळीनंतर वर्गात सुरगाण्याकडची एक मुलगी आली होती. तिचे आईवडील कारखान्याच्या बांधकामावर होते. तिला मराठी कळायची, पण ती बोलायची नाही. हजेरीला फक्त हात वर करायची. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी धडा घेत असताना माझं लक्ष तिच्याकडे गेलं. ओठ मिटलेले. वाक्यं चालली होती, ती गप्प. ‘द विंडो इज ओपन’ झालं आणि तिचा हात वर गेला, बरोबर त्या हाडावर टेकला, आणि ती खोकली. तिनं आधीच्या बाईंना कधीच पाहिलं नव्हतं. वर्गात तिच्या तोंडून मी ऐकलेला पहिला आवाज तो.

हे मी तेव्हा कुणालाही सांगितलं नाही. नव्या मास्तरनं असलं काही बोलायचं नसतं.

त्याच सुमाराला मला खिडकीखाली बसणारी बाई दिसायला लागली. माझा तास तीनला असायचा. तीनच्या थोडं आधी ती यायची, बाभळीच्या सावलीत भिंतीला पाठ लावून बसायची. डोक्यावर पदर, पन्नाशीची असेल. आत कधी बघायची नाही. मी खिडकीशी उभा राहिलो की मला तिचा फक्त उजवा हात दिसायचा. अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत असायचा, एकेक पेर मोजत. तास संपला की उठून जायची.

मी शिपाईकाकांना विचारलं.

“ती होय? आधीच्या बाईंची आई,” ते म्हणाले. “येते ती. मोठ्या बाईंनी दोनदा हाकललं. तुम्ही बघू नका तिकडं.”

मग मला वाटलं, मला सगळं कळलं. ती मुलीचा आवाज ऐकायला येत होती. आणखी कुठे ऐकायला मिळणार होता तो? मला फार वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं, की माझ्या वर्गाचा कुणाला तरी असा उपयोग आहे. मी खिडकी पूर्ण उघडी ठेवायला लागलो. मुलांना जरा मोठ्यानं म्हणायला लावायचो.

जानेवारीत मोठ्या बाईंनी बोलावलं. “सर, पुढच्या महिन्यात खात्याचे साहेब तपासणीला येणार. तिसरीचं इंग्रजी चालू ठेवायचं की नाही ते त्यांच्या शेऱ्यावर आहे. तेवढं ते खोकणं घालवा.”

“तुम्हाला माहीत आहे?”

“अहो, माझ्या खोलीत ऐकू येतं सगळं.” त्यांनी टेबलावरचे कागद सारखे केले. “माझ्याच्यानं नाही झालं. तुम्ही तिला ओळखत नव्हतात. तुम्हाला सोपं जाईल.”

मी हो म्हणालो आणि काहीच केलं नाही. आठवडा गेला. इंग्रजी बंद झालं तर माझं कामही जाणार होतं, हे कळत होतं. पण त्या बाईच्या कानातून तो आवाज काढून घ्यायला माझं मन होईना.

एका दुपारी शाळा सुटल्यावर मी सायकल काढत होतो, तर ती टाकीपाशी उभी.

“मास्तर, आज किती झाली?”

“काय किती, मावशी?”

“पोरं. खोकणारी.” तिनं बोटं माझ्यापुढे धरली. “माझी चाळीस भरली. दिवाळीनंतर एकोणचाळीस व्हती. ती नवी पोरगी, डोंगरातली, तिला बी लागलं ना?”

मला कळेना. ती हळू आवाजात, आजूबाजूला बघत बोलत होती.

“वीस वर्सं विड्या वळल्या मी. एक खोली. सुपात तंबाखू, आन् तिथंच बाजूला तिचं पुस्तक. मी म्हणायचे बाहेर बस, ती म्हणायची बाहेर उजेड नाय. डॉक्टर दमा म्हणाले, लागत नाय कुणाला म्हणाले. मग ह्या पोरांना कसं लागलं? रोज ऐकते मी. तोच हाय. दोन बारके, एक मोठा. लेकरांना माझ्या पोरीचं लागलं मास्तर, आन् तिला माझ्यामुळं लागलं.”

मी तिला समजावलं. मुलं आजारी नाहीत, ती नक्कल करताहेत, त्यांना वाटतं धड्यातच खोकला आहे. ती ऐकत राहिली, आणि मग पहिल्यांदा चिडली.

“मला शिकवता का? लय शिकलेत तुम्ही. नकल करनारं पोर कसं खोकतं ते मला ठावं नाय का? खोकला मी वळखते. रात्ररात्र ऐकलाय.” मग तिचा आवाज पुन्हा खाली आला. “कुनाच्या आईला सांगू? सांगितलं तर माझ्या पोरीचं नाव खराब. नाय सांगितलं, आन् उद्या एखादं लेकरू गेलं, तर?”

महिनाभर मी खिडकी उघडी ठेवत होतो, आवाज चढवायला लावत होतो, आणि ती बाहेर बसून चाळीस आजारी मुलं मोजत होती.

दुसऱ्या दिवसापासून मी लागलो. त्या जागी टाळी वाजवायची, असं सांगितलं. मुलांनी टाळी वाजवली आणि मग खोकली. त्या वाक्यानंतर बाकावर डोकं टेकायचं, असं सांगितलं. डोकी टेकली, आणि बाकांखालून खोकला आला, घुमून आल्यासारखा, पहिल्यापेक्षा खोल. मी धडाच बदलला, दुसरी वाक्यं दिली. त्यांत कुठेही खिडकी नव्हती. चौथ्या वाक्यानंतर हात वर गेले.

त्याच आठवड्यात कॉलेजात सरांनी मला उतारा वाचायला उभं केलं. मी वाचत होतो, बऱ्यापैकी वाचत होतो. एका पूर्णविरामापाशी माझा उजवा हात वर गेला आणि गळ्याखालच्या हाडावर टेकला. दोन बारके, एक मोठा.

“सर्दी झालीय का रे?” शेजारचा कुजबुजला.

मला सर्दी नव्हती. मी पुढची ओळ वाचली. ती माझ्या आवाजात होती की नाही, मला ऐकायचं नव्हतं.

त्या दुपारी मी वर्गाचं दार लावून घेतलं आणि मुलांना म्हणालो, “बाई गावाला गेलेल्या नाहीत.”

“माहीत शे, सर,” बागलाणच्या भावंडांतला मोठा म्हणाला. “अख्ख्या कॉलनीला माहीत शे.”

म्हणजे मुलं बाई परत येतील म्हणून खोकत नव्हती. मी जरा गोंधळलो. मग म्हणालो, “तो खोकला इंग्रजीतला नाही. बाईंना आजार होता. बोलताना त्यांना दम लागायचा, तेवढंच. इंग्रजीत तिथे काही नसतं.”

हे मात्र त्यांना माहीत नव्हतं. वर्ग इतका शांत झाला की पत्रा तापून कडकडत होता तो ऐकू आला. यूपीच्या मुलानं उजवा हात हळूच शर्टाला पुसला. केरळच्या मुलीचा चेहरा पडला होता. एवढं छान पाठ केलेलं चुकीचं निघालं म्हणून असेल.

“मग तिथे काय म्हणायचं, सर?”

“काहीच नाही.”

“काहीच नाही म्हणायचं,” तिनं मागे वळून सगळ्यांना सांगितलं.

आणि त्यांनी तेच केलं. “द विंडो इज ओपन,” आणि मग काहीच नाही. हात मांड्यांवर, ओठ मिटलेले, डोळे समोर. दोन बारक्या ठसक्यांना आणि एका मोठ्याला जेवढा वेळ लागतो, बरोबर तेवढा वेळ चाळीस मुलं श्वास धरून बसली. मग “द विंड कम्स इन.” मी खूप प्रयत्न केला, पण ती पोकळी भरली नाही. खरं म्हणजे मला खोकला परवडला असता. त्या शांततेत मी दर वेळी खिडकीकडे बघायचो, आणि बाहेर अंगठा पेरावर थांबलेला असायचा.

तपासणीच्या दिवशीही तसंच झालं. शांतता पडली तेव्हा साहेबांनी फायलीतून मान वर केली. धडा संपल्यावर ते म्हणाले, “छान. विरामचिन्हांकडे लक्ष दिलेलं दिसतं. नाहीतर मुलं धावत सुटतात.” त्यांनी चांगला शेरा लिहिला. मोठ्या बाईंनी सगळ्यांना पेढा दिला. माझ्या हातात देताना त्या माझ्याकडे न बघता “झालं एकदाचं” एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी तीन वाजता ती बाई खिडकीखाली बसली नाही. ती दारात आली. चपला बाहेर काढल्या, पदर सारखा केला. मुलं सवयीनं उभी राहिली. “गुड आफ्टरनून, टीचर!”

“बसा रे, बसा. मी कशाची टीचर,” ती लाजून म्हणाली. मग माझ्याकडे वळली. “पाच दिवस झाले. एक बी नाय खोकलं. मी हात लावून बघू का, मास्तर?”

मी मान हलवली. ती बाकांमधून फिरली. प्रत्येकाच्या छातीवर तळहात ठेवायची, “घे श्वास” म्हणायची, कान देऊन ऐकायची, आणि पुढे जायची. गुजराती मुलाला गुदगुल्या झाल्या. सुरगाण्याच्या मुलीपाशी ती जरा जास्त थांबली. मुलीनं डोळे मिटून श्वास घेतला, सोडला. चाळीस झाल्यावर ती फळ्यापाशी आली. तिचा चेहरा सैल झाला होता. दहा वर्षं लहान दिसत होती.

“साफ हायेत सगळी,” ती म्हणाली. “खरंच नकल व्हती व्हय? मेल्यांनो, माझा जीव घेतलात!” मुलं हसली. तीही हसली. मग हसणं विरलं, तरी ती जाईना. पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिली.

“एकदा म्हनायला लावता का? तसंच. पयल्यासारखं.”

मुलांनी माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हणालो. त्यांनी म्हटलं, आणि त्या जागी सगळी खोकली. पण आता ती नुसती मुलं होती. कुणी जोरात, कुणी उगाच लांबवलेलं, कुणी शेजाऱ्याकडे बघत खिदळून. यूपीचा मुलगा तर जीभ बाहेर काढून खोकला. मी सुरगाण्याच्या मुलीकडे आशेनं पाहिलं. तिनं हात वर नेला, तोंड उघडलं, आणि मिटलं.

“नाय,” ती बाई म्हणाली. “हे नाय. बरी झाली ही पोरं.”

ती हे आनंदानं म्हणाली, निदान तसा प्रयत्न केला. मला काय करावं कळेना. वर्गात काय करावं कळेना झालं की मी वही उघडत असे, तशी उघडली आणि मोठ्यानं वाचायला लागलो. वर्ग पुन्हा सुरू व्हावा, एवढाच हेतू.

“धिस इज द डोअर. धिस इज द विंडो. द विंडो इज ओपन.”

आणि तो आला. मला हात वर गेल्याचं जाणवलं, हाडावर टेकल्याचं जाणवलं. दोन बारके, एक मोठा. मोठा संपेना. डोळ्यांत पाणी आलं. माझ्या पाठीवर एक तळहात आला आणि वरून खाली, वरून खाली फिरायला लागला. तो हात मला शोधत नव्हता. त्याला जागा पाठ होती.

“झालं गं बाय, झालं,” ती म्हणत होती. “झालं. बस जरा.”

मग हात थांबला. ती माझ्याकडे बघत होती. वर्गातून कुणीतरी, कोण ते मला दिसलं नाही, अगदी हळू म्हणालं, “द विंड कम्स इन.”

तिचा अंगठा करंगळीच्या पहिल्या पेरावर टेकला होता.

“एक राहिला,” ती म्हणाली.

तिच्या आवाजात भीती होती की आणखी काही, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आता सांगणं अवघड आहे. पुढच्या दिवशी ती पुन्हा खिडकीखाली होती. एप्रिलपर्यंत रोज आली. येताना पितळी तांब्यात पाणी आणायची आणि तास संपला की खिडकीच्या कठड्यावर ठेवायची, माझ्यासाठी. मुलं पुढच्या धड्यांवर गेली होती. मी मात्र रोज तासाच्या सुरुवातीला तो पहिला धडा एकदा मोठ्यानं वाचायचो. मुद्दाम खोकायचो का, असं मला विचारू नका. काही दिवस मुद्दाम असेल. बाहेर अंगठा पहिल्या पेरावर यायचा आणि तिथेच थांबायचा.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी ते काम सोडलं. परीक्षेचं कारण सांगितलं. वही मोठ्या बाईंना परत दिली तेव्हा त्यांनी ती उघडून पाहिली नाही, कपाटात ठेवून कुलूप लावलं. नवीन येणाऱ्या बाईंना मी एवढंच सांगायला सांगितलं की पहिला धडा घ्यायचा तर मनात वाचून घ्या.